एकाच चित्रपटाचे दोन निकाल: 'द लास्ट जेडाय'वरील प्रेक्षकमताचे प्रकरण

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द लास्ट जेडाय' या एकाच चित्रपटाबद्दल, एकाच आठवड्यात, प्रेक्षकांच्या पसंतीचे दोन आकडे समोर आले आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. एका मोजणीनुसार प्रेक्षक चित्रपटावर बेहद्द खूश होते. दुसरीनुसार निम्म्याहून अधिक जणांना तो आवडलेला नव्हता. पुढची दोन वर्षे निर्माती कंपनी, गुणांकन करणारे संकेतस्थळ, दिग्दर्शक आणि कलाकार या सर्वांनी जे निर्णय घेतले, त्यांवर या विसंगतीची सावली होती. सार्वजनिक भूमिकेत असलेल्या व्यक्तींचीच नावे येथे घेतली आहेत. मत नोंदवणारे प्रेक्षक, याचिका करणारे आणि समाजमाध्यमांवर गट चालवणारे मुद्दाम अनाम ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

'स्टार वॉर्स' मालिकेचा पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. १९८३ पर्यंत पहिली त्रयी पूर्ण झाली आणि १९९९ ते २००५ या काळात पूर्वकथेची दुसरी त्रयी आली. २०१२ मध्ये जॉर्ज लुकास यांनी आपली लुकासफिल्म ही कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना डिस्नेला विकली आणि तिसऱ्या त्रयीची घोषणा झाली. तिचा पहिला भाग, जे. जे. एब्रम्स दिग्दर्शित 'द फोर्स अवेकन्स', डिसेंबर २०१५ मध्ये आला आणि त्याने जगभरात सुमारे २०७ कोटी डॉलर मिळवले.

त्या चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात रे ही तरुण नायिका एका निर्जन बेटावर चढून जाते आणि पहिल्या त्रयीचा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्यासमोर त्याची जुनी लाइटसेबर, म्हणजे प्रकाशतलवार, धरते. तो काही बोलत नाही आणि तिथेच पडदा पडतो. ल्यूक आता काय करील, या एका प्रश्नावर प्रेक्षक पूर्ण दोन वर्षे थांबून होते.

पुढचा, म्हणजे मालिकेतील आठवा, भाग लिहिण्याची आणि दिग्दर्शित करण्याची जबाबदारी रायन जॉन्सन यांच्याकडे होती. तीन भागांची कथा एकाच लेखकाने शेवटपर्यंत बांधून ठेवलेली नव्हती. प्रत्येक दिग्दर्शकाने आधीच्या भागाने सोडलेला धागा उचलून आपल्या पद्धतीने पुढे न्यायचा होता. पुढे प्रेक्षकांत जी फूट पडली तिचे एक मूळ या कार्यपद्धतीत आहे, असे माझे मत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये नवव्या भागाचे दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो प्रकल्पातून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी एब्रम्स परत आले. म्हणजे आठवा भाग प्रदर्शित होण्यापूर्वीच नववा भाग आठव्याच्या नव्हे, तर सातव्या भागाच्या दिग्दर्शकाच्या हातात गेलेला होता.

'द लास्ट जेडाय' १५ डिसेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. त्यात ल्यूक ती तलवार हातात घेतो, क्षणभर पाहतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो.

अडचण

पहिला आकडा सिनेमास्कोअर या संस्थेचा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी निवडक चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना मतपत्रिका देते आणि त्यांच्या उत्तरांवरून 'ए प्लस' ते 'एफ' अशी श्रेणी काढते. 'द लास्ट जेडाय'ला 'ए' श्रेणी मिळाली. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची आणखी एक पाहणी झाली होती आणि तिचा कलही स्पष्टपणे अनुकूल होता. समीक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चित्रपटाची प्रशंसा केली होती.

दुसरा आकडा रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या प्रेक्षक विभागाचा होता. तिथे पाचपैकी साडेतीन किंवा अधिक तारे दिले की ते मत अनुकूल धरले जाते. पहिल्या काही दिवसांतच अनुकूल मतांचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास आले आणि नंतर चाळिशीत घसरून तिथेच राहिले. त्या वेळी खाते उघडणारा कोणीही मत नोंदवू शकत असे. त्याने चित्रपट पाहिला आहे की नाही, हे तपासण्याची सोय नव्हती.

दोन्ही पद्धतींत दोष आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशेने झुकतात. पहिल्याच दिवशी तिकीट काढणारा प्रेक्षक मुळात उत्सुक असतो, मनातून त्याला चित्रपट आवडून घ्यायचा असतो, आणि दाराशी उभे राहून दोन मिनिटांत भरलेल्या मतपत्रिकेत त्या संध्याकाळचा उत्साह उतरतो. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'लाही याच पद्धतीने 'ए मायनस' मिळाले होते, आणि त्या चित्रपटाची पुढची कित्येक वर्षे किती निर्भर्त्सना झाली हे मालिकेचा प्रत्येक चाहता जाणतो. उलट, घरी जाऊन संकेतस्थळ उघडून मत नोंदवण्याचे कष्ट घेणारा माणूस बहुधा फार खूश किंवा फार नाराज असतो, आणि नाराज माणूस हे कष्ट अधिक तत्परतेने घेतो. आपल्याकडे संगीत नाटकाच्या काळात 'वन्स मोअर'ची आरोळी तिकीट काढून बसलेल्या माणसाचीच असे, त्यामुळे ती कोणाची आहे हा प्रश्नच येत नसे. इथे मात्र तोच प्रश्न मुख्य झाला.

तिकीटखिडकीकडे पाहूनही उलगडा होईना. उत्तर अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत चित्रपटाने सुमारे २२ कोटी डॉलर मिळवले, पण दुसऱ्या शनिवार-रविवारी ही कमाई जवळजवळ दोन तृतीयांशाने घटली. नाराज प्रेक्षकांनी ही घट पुरावा म्हणून पुढे केली. त्या वर्षी २४ डिसेंबर, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या, रविवारी आली होती आणि त्या दिवशी अमेरिकेत चित्रपटगृहांकडे फारसे कोणी फिरकत नाही, ही बाब या मांडणीत सुटत होती. 'द फोर्स अवेकन्स'च्या दुसऱ्या आठवड्यात नाताळ शुक्रवारी आला होता, त्यामुळे त्या चित्रपटाशी केलेली थेट तुलना लंगडी होती. तरीही घट काहीच सांगत नाही असेही म्हणता येत नव्हते, कारण अखेरीस या भागाची जगभरातील कमाई १३३ कोटी डॉलरवर थांबली. २०१७ मधील ती सर्वाधिक कमाई होती, तरी आधीच्या भागापेक्षा ती तिसऱ्या हिश्शाने कमी होती.

विरोधी मतांत नेमके काय होते

संपूर्ण प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे, आणि त्या काळात नेमके याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले. 'चित्रपट आवडला नाही' या एका शीर्षकाखाली पाच निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली तक्रार ल्यूकची. १९८३ च्या चित्रपटात ज्याने आपल्या क्रूरकर्मा पित्यातही चांगुलपणा शिल्लक आहे असे मानून शस्त्र टाकले, तोच ल्यूक आपल्या झोपलेल्या भाच्याच्या मनातील अंधार पाहून क्षणभर का होईना त्याच्यावर तलवार उगारतो, आणि त्या अपराधभावाने जगापासून तोंड लपवून बेटावर राहतो, हे अनेकांना पटले नाही. चाळीस वर्षे एखादे पात्र मनात बाळगलेल्या माणसाची ही तक्रार असल्यामुळे तिच्यात दुःख होते, आणि मला ते दुःख खरे वाटते. ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनी स्वतः पात्राच्या या वाटचालीशी आपले मूलभूत मतभेद असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. चित्रपट पूर्ण झालेला पाहिल्यावर त्यांनी दिग्दर्शकाची बाजू घेतली आणि आपली शंका जाहीर केल्याबद्दल खेद व्यक्त केला. ज्या गोष्टीबद्दल खुद्द नटाला शंका वाटली, तीबद्दल प्रेक्षकाला वाटणारी शंका द्वेषातून आलेली आहे असे म्हणणे अन्यायाचे होते.

दुसरी तक्रार न फेडलेल्या उत्सुकतेची. आधीच्या भागाने रेचे आईवडील कोण आणि स्नोक हा सर्वोच्च नेता आला कुठून, असे दोन प्रश्न उभे केले होते. या भागात पहिल्याचे उत्तर 'कोणीच नाहीत, सामान्य माणसे' असे मिळाले, तर स्नोक आपला पूर्वेतिहास न सांगताच मारला गेला. काहींना यातच चित्रपटाचे मोठेपण दिसले, कारण पराक्रम घराण्यातूनच येतो ही मालिकेची जुनी चौकट त्याने मोडली. काहींना वाटले की दोन वर्षे केलेला तर्क पायदळी तुडवला गेला.

तिसरी तक्रार पटकथेच्या बांधणीची होती. कँटो बाइट या जुगारनगरीतील उपकथानक मुख्य कथेला फारसे काही देत नाही, आणि होल्डो ही सेनाधिकारी आपली योजना सहकाऱ्यांना सांगत नाही म्हणूनच पुढचा गोंधळ घडतो, हे आक्षेप समीक्षेच्या चौकटीतले होते.

चौथी तक्रार निव्वळ विज्ञानकथेची, आणि माझ्या मते सर्वांत रोचक. होल्डो आपले जहाज प्रकाशवेगाच्या उडीत शत्रूच्या महाकाय जहाजावर आदळवते. त्या क्षणी सर्व आवाज थांबतो. ही शांतता इतकी अनपेक्षित होती की ती बिघाड नाही, मुद्दाम केलेली आहे, अशा सूचना काही चित्रपटगृहांना लावाव्या लागल्या. दृश्य विलक्षण सुंदर आहे. पण ज्या जगात एक जहाज असे क्षेपणास्त्र होऊ शकते, त्या जगात आधीच्या सगळ्या लढाया त्या रीतीने का लढल्या गेल्या नाहीत, हा प्रश्न त्याच दृश्यातून उभा राहतो. काल्पनिक जगाला स्वतःचे नियम असतात आणि ते लेखकाने पाळावेत, अशी अपेक्षा ठेवणारा वाचक-प्रेक्षक ही विज्ञानकथेची खरी शिदोरी आहे. त्याला उत्तर द्यायला हवे.

पाचवी गोष्ट तक्रार नव्हतीच. रोझ टिको या पात्राची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन यांच्यावर त्यांच्या वंशावरून आणि रूपावरून समाजमाध्यमांवर सतत हीन मजकुराचा मारा झाला. जून २०१८ मध्ये त्यांनी आपल्या खात्यावरील सर्व छायाचित्रे काढून टाकली आणि ऑगस्टमध्ये एका दैनिकात लेख लिहून या अनुभवाबद्दल सांगितले. या प्रकाराला 'प्रेक्षकमत' म्हणणे मला मान्य नाही. गुणांकनाच्या आकड्यात मात्र या माणसांचा एक तारा आणि ल्यूकसाठी हळहळणाऱ्या माणसाचे दोन तारे एकाच रांगेत बसले होते.

समोर असलेले पर्याय

निर्मात्यांपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. गुणांकनाचा आकडा अविश्वसनीय ठरवून त्याकडे दुर्लक्ष करायचे. तो खरा मानून पुढच्या भागाची दिशा बदलायची. किंवा तक्रारी सुट्या करून कोणत्या तक्रारीला कथेतून उत्तर देता येईल आणि कोणत्या सोडून द्यायच्या हे ठरवायचे. तिसरी वाट वेळखाऊ आणि खर्चाची होती, पण दर वर्षी एक चित्रपट काढणाऱ्या कंपनीला ती परवडली असती.

संकेतस्थळापुढचा प्रश्न अधिक थेट होता. एका समाजमाध्यम गटाशी संबंधित व्यक्तीने आपण स्वयंचलित खात्यांद्वारे गुण पाडल्याचा दावा केला. संकेतस्थळाने तपासणी करून कोणतीही असाधारण हालचाल आढळली नसल्याचे सांगितले. आता एकतर आकडा तसाच ठेवायचा, किंवा मत नोंदवणाऱ्याने तिकीट घेतले होते का, हे पाहण्याची व्यवस्था उभारायची.

काय केले गेले

पहिल्या वर्षी संकेतस्थळाने व्यवस्था बदलली नाही. निर्मात्यांनी चित्रपटाच्या पाठीशी उभे राहण्याचे धोरण ठेवले. जॉन्सन यांना नवी स्वतंत्र त्रयी देण्याची घोषणा प्रदर्शनापूर्वीच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, झालेली होती आणि ती मागे घेतली गेली नाही. दुसरीकडे, हा भाग अधिकृत कथानकातून वगळावा अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर हजारो लोकांनी सह्या केल्या.

ऑक्टोबर २०१८ मध्ये संशोधक मॉर्टन बे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दिग्दर्शकाला उद्देशून ट्विटरवर लिहिलेले ९६७ संदेश तपासले. त्यांपैकी सुमारे २२ टक्के नकारात्मक होते, आणि त्या नकारात्मक संदेशांपैकी निम्म्याहून थोडे अधिक राजकीय हेतूने लिहिणाऱ्यांचे, खोडसाळ किंवा मानवी नसलेल्या खात्यांचे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक बातम्यांच्या मथळ्यांत मात्र या निष्कर्षाचे रूप 'नाराज प्रेक्षकांपैकी निम्मे परकीय हस्तक आहेत' असे झाले. ज्यांची तक्रार प्रामाणिक होती त्यांना हे अपमानकारक वाटले, आणि त्यांचा राग रास्त होता. याच निष्कर्षाची दुसरी बाजू अशी की नकारात्मक संदेशांपैकी जवळजवळ निम्मे खऱ्या, सरळ मनाने नाराज असलेल्या माणसांचे होते. शिवाय दिग्दर्शकाला थेट पाठवलेले संदेश हा एक विशिष्ट नमुना आहे. साऱ्या प्रेक्षकवर्गाचा तो आरसा नाही. स्वतः जॉन्सन यांनी त्या वेळी स्पष्ट केले की हा मुद्दा चित्रपट आवडण्या-न आवडण्याचा नसून छळ करणाऱ्यांचा आहे. या प्रकरणातील सर्वांत नेमके विधान तेच होते, पण मथळ्यांच्या गदारोळात ते मागे पडले.

संकेतस्थळाने २०१९ मध्ये पावले उचलली. फेब्रुवारीत प्रदर्शनापूर्वी मत नोंदवण्याची सोय बंद झाली आणि मे महिन्यात तिकीट खरेदीची पडताळणी झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवण्यास सुरुवात झाली. बदल योग्य होता. तो 'द लास्ट जेडाय'नंतर सतरा महिन्यांनी आला, आणि जुना आकडा तसाच राहिला.

परिणाम

नववा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', २० डिसेंबर २०१९ रोजी आला. आठव्या भागावरील तक्रारी त्याच्या रचनेत ठिकठिकाणी दिसतात. फेकलेली तलवार आता ल्यूक हवेत झेलतो आणि जेडायच्या, म्हणजे आपल्या योद्धापंथाच्या, शस्त्राचा मान राखावा असे रेला सांगतो. रे सामान्य माणसांची मुलगी न राहता जुन्या त्रयींतील खलनायक सम्राटाची नात ठरते. होल्डोने केलेली धडक पुन्हा का करता येत नाही, या प्रश्नावर एक पात्र ती लाखात एखाद्या वेळी साधते एवढेच म्हणते. आठव्या भागात दहा मिनिटांहून अधिक काळ पडद्यावर असलेली रोझ इथे १४२ मिनिटांच्या चित्रपटात जेमतेम सव्वा मिनिट दिसते. पटकथाकारांनी याचे कारण तांत्रिक अडचण असे सांगितले: मालिकेतील दिवंगत अभिनेत्री कॅरी फिशर यांच्या जुन्या चित्रफितींशी जोडलेली रोझची दृश्ये जमली नाहीत. तरीही ज्या अभिनेत्रीला छळ सोसावा लागला तिचेच पात्र कमी झाले, आणि छळ करणाऱ्यांनी त्यातून आपला विजय वाचला.

आकडे पुन्हा फिरले, या वेळी उलट दिशेने. पडताळणी झालेल्या प्रेक्षकांपैकी ८६ टक्के अनुकूल होते, अनुकूल समीक्षकांचे प्रमाण मात्र निम्म्यावर आले. सिनेमास्कोअरची श्रेणी 'बी प्लस' होती. मालिकेतील सजीव अभिनयाच्या चित्रपटांपैकी तोवरची सर्वांत खालची. कमाई सुमारे १०७ कोटी डॉलर. आठवा भाग ज्यांना आवडला होता त्यांना हा माघार घेणारा वाटला, आणि ज्यांना आवडला नव्हता त्यांच्यापैकीही अनेकांना ही दुरुस्ती उशिराची आणि ओढूनताणून केलेली वाटली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू २०१५ पूर्वीचा आहे. तीन भागांची कथा निदान ठळक टप्प्यांपुरती आधी ठरली असती, तर रेचे कूळ आणि स्नोकचा उगम हे प्रश्न उत्तर ठाऊक असलेल्या माणसानेच विचारले असते. दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य मलाही मोलाचे वाटते, आणि ल्यूकचा तो खचलेला, स्वतःवर रुसलेला अवतार मला या त्रयीतील सर्वांत धाडसी लेखन वाटतो. पण सलग कथेत स्वातंत्र्याची सीमा पुढच्या लेखकाशी बोलून आखावी लागते.

दुसरा बिंदू डिसेंबर २०१७ चा. 'ए' आणि चाळिशीतले टक्के यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विचारला गेला आणि तिथेच वाट चुकली. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते, कारण ते दोन वेगळ्या समूहांचे, दोन वेगळ्या क्षणी घेतलेले मत होते. छळाविरुद्ध कंपनीने पहिल्याच आठवड्यात, ट्रॅन यांचे नाव घेऊन, ठाम भूमिका घ्यायला हवी होती; तसे झाले असते तर उरलेल्या तक्रारींकडे संशयाविना पाहणे सर्वांनाच सोपे गेले असते. दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे प्रामाणिक टीकाकाराला आपण द्वेष करणारे नाही हे सिद्ध करत बसावे लागले, आणि द्वेष करणाऱ्याला टीकाकारांच्या गर्दीत लपता आले.

तिसरा बिंदू मोजणीच्या रीतीचा. पहिल्या दिवशी मतपत्रिका भरलेल्या प्रेक्षकांनाच सहा आठवड्यांनी पुन्हा गाठून तीन साधे प्रश्न विचारता आले असते: चित्रपट पुन्हा पाहिला का, मत बदलले का, आणि नेमके काय खटकले. तिसऱ्या उत्तरावरून ल्यूकची हळहळ, कूळाचे कोडे, पटकथेची ढिलाई आणि जगाच्या नियमांचा भंग यांचे परस्पर प्रमाण कळले असते. मग होल्डोच्या धडकेला एका वाक्याऐवजी विचारपूर्वक उत्तर देता आले असते आणि रेच्या सामान्यपणाला हात लावण्याची गरज आहे का, हेही समजले असते. फेब्रुवारी २०१८ मध्येही 'द लास्ट जेडाय' चित्रपटगृहांत चालू होता आणि नवव्या भागाचे चित्रीकरण त्या वर्षी १ ऑगस्टला सुरू झाले. हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे वाचायला मधले पाच महिने हाताशी होते.